मंगलाष्टकाची समीक्षा

मी जबलपुरात अकरावी-बारावीच्या मुलांना हिंदी साहित्य शिकवते. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि डोकं फिरलं की दोन्ही एकदम. नागपूरकडचे पाहुणे आले की हमखास विचारतात, "मराठी असून हिंदी शिकवून राहिली तू?" जणू मी घरचा माठ रिकामा ठेवून शेजाऱ्यांकडे पाणी भरते आहे. पूर्वी मी समजावून सांगायची. आता त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढते, म्हणजे तोंड बंद होतं.

शिकवण्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे समीक्षा लिहायला शिकवणं. एखादी कविता वाचायची, ती आतून कशी चालते ते बघायचं आणि जे दिसलं ते पुराव्यासकट लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या पोरांच्या हातात दहावीपासून गाईड असतं, आणि त्या गाईडमध्ये एक वाक्य असतं: 'कवि ने बड़े ही सुंदर ढंग से अपने भावों को व्यक्त किया है.' कविता पावसावर असो, मरणावर असो की रोटीवर, कवीने ते बडे ही सुंदर ढंग सेच केलेलं असतं. वर्षानुवर्षं हे वाक्य तपासून तपासून मला झोपेतही त्याच्याखाली लाल रेघ ओढता येईल.

शेवटी एका वर्षी मी वर्गात दोन नियम केले. पहिला, ओळ दाखवल्याशिवाय बोलायचं नाही. दुसरा, आपण लिहिलेलं वाक्य उचलायचं आणि भलत्याच कवितेला लावून बघायचं. तिथंही ते छान बसलं, तर खोडून टाकायचं. मागच्या बाकावरची एक बोलघेवडी मुलगी म्हणाली, "मैडम, मतलब फ्री साइज नहीं चलेगा." बाजारात गाऊन टांगलेले असतात ना, जाडीला होईल आणि बारकीलाही होईल, तसं वाक्य. मला हे नाव इतकं आवडलं की मी ते फळ्यावरच लिहिलं.

मग काय, पोरांना खेळच मिळाला. कुणी उत्तर वाचू लागलं की सगळा वर्ग कान टवकारून बसायचा, आणि गुळगुळीत वाक्य आलं रे आलं की एकच आरडाओरडा, "फ्री साइज!" शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दोनदा येऊन गेले. एकदा मीच बोलून गेले की ही कविता मन को छू जाती है, तर मागून शांतपणे आवाज आला, "फ्री साइज, मैडम." मी तावातावाने वळले. पण आरोप खरा होता, त्यामुळे हसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्यांना एक काम दिलं. घरी म्हटलं जाणारं काहीही घ्या: गाणं, अंगाई, भजन, फेरीवाल्याची हाक. ज्याचं गाईड बाजारात मिळत नाही असं काहीही. त्यावर समीक्षा लिहा. लिहून झाली की घरच्या एका माणसाला वाचून दाखवा आणि त्याला पटलं नाही ते त्याच्याच हाताने खाली लिहून आणा. आणि जाता जाता मी आणखी एक शेपूट जोडलं, की रचना करणारा माणूस हयात असेल तर त्यालाच वाचून दाखवायचं. कुणाच्या घरात कवी बसलेला असतो? मला वाटलं, हे आपलं शोभेपुरतं.

सुट्टीनंतर जे आलं ते वाचताना मी स्टाफरूममध्ये अक्षरशः टेबलावर हात आपटत होते. एका मुलाने बुंदेली गारीवर लिहिलं होतं. गारी म्हणजे लग्नात मुलीकडच्या बायका व्याह्यांना गाण्यातून शिव्या घालतात ती. त्याने लिहिलं, 'गाण्यात व्याह्याचं पोट, मिशा, टोपी, जेवणं, सगळ्याची टिंगल आहे. पण नवऱ्या मुलाबद्दल वाकडं अक्षर नाही. मुलगी त्याच्याच हातात द्यायची आहे, हे शिव्या देणाऱ्या बायका एकदाही विसरत नाहीत.' हा तोच मुलगा, ज्याने सहामाहीत गाईडमधल्या छपाईच्या चुकासुद्धा इमानाने उतरवल्या होत्या! मी त्याचा कागद चहावाल्या मावशींनाही वाचून दाखवला. त्यांनी गारीची पुढची दोन कडवी म्हणून दाखवली, आणि ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

गठ्ठ्यात खाली एका मराठी मुलीचा निबंध होता. ती अधारतालला राहायची, खिडकीशी बसायची आणि हजेरीपुरतं तोंड उघडायची. घरी सगळे मराठी बोलतात, हिला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. आमच्याकडच्या बहुतेक मुलांचं तसंच आहे. निबंधाचं नाव होतं, 'मेरे दादाजी के तीन मंगलाष्टक'.

तिच्या आजोबांना जबलपूरच्या मराठी घरांत कोण ओळखत नाही? संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, ताठ, इस्त्रीचा शर्ट, खणखणीत आवाज. कुणाच्याही घरी लग्न निघालं की पत्रिकेच्या आधी त्यांच्याकडे मंगलाष्टक मागायला जायचं, हा रिवाज. ते रचून देतात, गुलाबी कागदावर छापून घेतात, अक्षतांबरोबर वाटतात आणि स्वतः माइकवर म्हणतात. एक पैसा घेत नाहीत. सूरही कधी कधी घेत नाहीत, पण शब्द मात्र शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जातात.

नातीने तीन आत्यांच्या लग्नांतले ते तीन गुलाबी कागद समोर ठेवून समीक्षा लिहिली होती. वर्गासाठी म्हणून तिने ओळी हिंदीत उतरवल्या, आणि तिथेच घोळ झाला. मराठीत ओळ अशी होती:

आली ही गुणमंजरी नववधू लक्ष्मी जशी मंदिरी

म्हणून बघा, घोड्याच्या टापांसारखी चालते. पण हिंदीत ती राहिली नुसती, 'गुणों वाली नई बहू आई, जैसे मंदिर में लक्ष्मी.' नाद गेला, आणि आत काय आहे ते बघायला ती वाकली, तर आत काही नव्हतंच. तिने पुढे लिहिलं होतं की ही ओळ तिन्ही मंगलाष्टकांत जशीच्या तशी आहे, फक्त पुढच्या ओळीतलं नाव बदललं आहे. वराच्या ओळी मात्र तिन्हीकडे निराळ्या: एक रेल्वेत आहे, एक हिशेबात पक्का आहे, एक यंत्रांचा जाणकार आहे. 'वधू पूरे मंगलाष्टक में एक ही काम करती है. आती है.' आणि शेवट: 'मैं अपनी तीनों आत्याओं को खूब पहचानती हूँ. इन कागज़ों में मैं उन्हें नहीं पहचान पाई. यह वधू फ्री साइज है.'

मी खुर्चीतून उठलेच. इतकी स्वच्छ समीक्षा मला बी.ए.ला असताना लिहिता आली नव्हती. आणि मग हळूच दुसरी गोष्ट लक्षात आली. ही ओळ मी आधी ऐकली होती. माझ्याच लग्नात, अंतरपाटाच्या या बाजूला उभी राहून!

रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "आपल्या लग्नातलं मंगलाष्टक आठवतं का?" तो म्हणाला, "अगदी. काय सुंदर होतं! माझ्या नोकरीवर दोन ओळी होत्या." मी विचारलं, "आणि माझ्यावर?" त्याने बराच वेळ वरणाकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझ्यावर पण छानच होतं काहीतरी."

निबंधाखाली घरच्यांच्या मताच्या जागी तिच्या आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सगळं बरोबर आहे. फक्त आजोबांना दाखवू नका.'

दुसऱ्या दिवशी मी मुलीला बोलावलं. म्हटलं, कवी हयात आहेत, चांगले ठणठणीत आहेत, परवा मी त्यांना चेरीतालच्या भाजीबाजारात वांग्यांवरून भांडताना पाहिलं. नियम म्हणजे नियम. तिचे डोळे भरूनच आले. "मैडम, प्लीज. ताई की शादी है."

मग एकेक करत सगळं बाहेर आलं. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, तिलवाऱ्याजवळच्या एका मॅरेज गार्डनमध्ये. आजोबा मंगलाष्टक रचत होते. आदल्या संध्याकाळी ते गच्चीवर गुणगुणत होते आणि हिने जिन्यात उभं राहून ऐकलं. तेच. गुणमंजरी तीच, मंदिर तेच, फक्त ताईचं नाव. "एक ही बार तो बोलते हैं न मैडम, सबके सामने," ती म्हणाली. "उसमें तो वो ताई होनी चाहिए." ही ताई म्हणजे हिला सायकल शिकवणारी, हिच्या ताटातलं कारलं गुपचूप खाणारी, विनोद सांगायच्या आधीच हसत सुटणारी. ती घरातून जाणार होती आणि जाताना कुणीतरी निदान तिला बघून दोन ओळी म्हणाव्यात, एवढंच या मुलीला हवं होतं.

"मग लिहिलंस कशाला, दाखवायची हिंमत नव्हती तर?" मी जरा कडकच विचारलं.

"लिखते समय थी," ती म्हणाली.

लिहिताना येतो तो धीर मलाही माहीत आहे. पण मी हट्टी आहे. मी तिला निबंध परत दिला आणि सांगितलं, आजोबांची सही घेऊन ये. घरी जाताना मात्र मनात आलं: लग्नघर, वडीलधारा माणूस, आणि मी कोण मध्ये? आठवडाभर मी शाळेच्या फाटकाकडे बघत होते.

आणि ते आलेच. माझ्या रिकाम्या तासाला स्टाफरूमच्या दारात उभे, गळ्यात मफलर, हातात कागद. "मैडम आपणच काय?" मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. "मी लोकांची इतकी लग्नं लावली, आजपर्यंत कोणी असं बोललं नाही. आणि माझी नात मला फ्री साइज म्हणून राहिली! हे शिकवून राहिल्या का तुम्ही?"

"तुम्हाला नाही म्हणाली, आजोबा. ओळीला म्हणाली."

"एकच झालं ना!"

मग त्यांनी हातातले कागद टेबलावर ठेवले. तीन फुलस्केप, रेघ न सोडता भरलेले. नातीच्या निबंधाला आजोबांचं उत्तर! नियमाप्रमाणे त्यांना मत लिहायचं होतं, तर त्यांनी प्रतिसमीक्षाच लिहून आणली होती. मी तिथेच वाचायला घेतली. त्यांचं म्हणणं असं, की अंतरपाटामागे उभी असलेली मुलगी त्या घटकेला कुणाची ताई नसते, कुणाची आत्या नसते; ती वधू असते. तिच्या आधी उभ्या राहिलेल्या सगळ्या जणींसारखी. ओळ सगळ्यांना बसते हा तिचा दोष नाही, त्यासाठीच ती केलेली आहे. जुन्या पातळासारखी ती एकीकडून दुसरीकडे जाते आणि त्यातच तिचं मंगल आहे.

मुद्दा तगडा होता! माझ्या वर्गातल्या कुणालाही असा मुद्दा सुचला असता तर मी त्याला पेढा दिला असता. सवयीने माझा हात लाल पेनाकडे गेला आणि एका परिच्छेदापुढे मी 'ओळ दाखवा' असं लिहिलंसुद्धा. आजोबा बघतच राहिले. "मला मार्क देऊन राहिल्या काय?"

"आजोबा, माझ्या लग्नात तुमचंच मंगलाष्टक होतं," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "बघा! आवडलं होतं ना?"

"नवऱ्याला फार आवडलं. त्याच्यावर दोन ओळी होत्या. मी गुणमंजरी होते."

आता ते खुर्चीत बसले. मी चहा मागवला आणि चहाच्या निम्म्यात मला ती कल्पना सुचली. पुढचा तास अकरावीचाच होता. म्हटलं, आजोबा, हे सगळं मुलांसमोर बोला. तिच्यासमोर बोला. त्यांना वाटलं असणार, आता चांगली जिरवतो. कागद घेऊन ते माझ्यापुढे चालू लागले.

आजोबा वर्गात शिरले तेव्हा खिडकीशी बसलेली मुलगी पांढरीफटक पडली. त्यांनी फळ्यासमोर उभं राहून आपलं उत्तर हिंदीत वाचलं, माइक नसताना शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल असं. मुलं भारावून ऐकत होती. गारीवाला मुलगा तर मान डोलावत होता, आणि वाचून झाल्यावर त्याने फितुरी करून टाळ्याही वाजवल्या. "सही बात है मैडम, दुल्हन तो दुल्हन होती है." सगळा वर्ग आजोबांच्या बाजूने गेला. मी खिडकीकडे बघितलं. म्हटलं, आता ही उठली नाही तर मी तिला उठवणार नाही.

ती उठली. दोन्ही हातांनी बाक धरून उभी राहिली. समोर बाकावर ते तीन गुलाबी कागद होते. हिंदीत सुरुवात केली, अडखळली, थांबली, आणि मग वर्गाला सोडून सरळ आजोबांकडे बघत मराठीत बोलली. तिचं मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आजोबा, तुम्ही म्हणता, तिथं उभी राहते ती फक्त वधू. मंजूर. मग नवरदेव पण फक्त नवरदेवच पाहिजे ना? तो काहून रेल्वेत आहे? त्याचा हिशेब काहून पक्का आहे? ओळ दाखवते." आणि तिने दाखवली. एका कागदातली, मग दुसऱ्यातली, मग तिसऱ्यातली. "तिघंही तिथंच उभे होते, अंतरपाटाच्या पलीकडे. ते तुम्हाला वेगवेगळे दिसले. आत्या नाही दिसल्या."

मराठी न कळणाऱ्या मुलांनाही काहीतरी मोठं झालं एवढं कळलं. कुणीतरी कुजबुजत भाषांतर केलं, ते बाकांवरून मागे गेलं, आणि गारीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे यार, ये तो मैंने सोचा ही नहीं!" मग वर्गाने जो गलका केला तो मी थांबवला नाही. गणिताचे सर आले आणि दारातूनच परत गेले. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी फळा पुसायला घेतला.

आजोबांनी मात्र त्यातला एक कागद हातात घेऊन बघितला, जसा काही दुसऱ्याच कुणी लिहिलेला. "पानी पिला दो बेटा," एवढंच म्हणाले. पाणी प्यायले, मफलर सारखा केला आणि मला नमस्कार करून निघून गेले. नातीकडे त्यांनी बघितलं नाही.

दोन दिवसांनी मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता. आजोबांनी घरी जाहीर केलं होतं की आपण मंगलाष्टक लिहिणार नाही. जे गुरुजी म्हणतील ते पुरे, नाहीतर मोबाइलवर लावा. कुणी कारण विचारलं की गच्चीवर निघून जात. "ताई ने कुछ नहीं बोला," ती म्हणाली. "पर वो मेरे पास आकर बैठ गई थी रात को. अब उसके लिए कुछ भी नहीं होगा, मैडम. फ्री साइज भी नहीं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. समीक्षेत कसं जिंकायचं ते मी शिकवलं होतं. जिंकल्यावर घरी कसं जायचं ते माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं, आणि मला खरंच फार वाईट वाटलं.

लग्नाला मी गेले, नवऱ्याला घेऊन. तिलवाऱ्याच्या त्या गार्डनमध्ये हिवाळ्याचं लख्ख ऊन होतं, एका बाजूला पोह्यांचा आणि जिलेबीचा वास, आणि मंडपात आमची सगळी मराठी मंडळी एकमेकांच्या साड्यांवर टीका करत बसलेली. अक्षता वाटल्या, पण गुलाबी कागद आला नाही. एक-दोघांनी मागितलासुद्धा. मुलगी अंतरपाटाजवळ करवली होऊन उभी होती आणि तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. आजोबा पहिल्या रांगेत, डोळे मिटून.

गुरुजींनी आपली मंगलाष्टकं सुरू केली. मुलाच्या मामांनी एक म्हटलं, एका काकूंनी एक म्हटलं, तीही सुरात. गुरुजी शेवटच्याची तयारी करू लागले, तेवढ्यात आजोबा उठले. माइककडे गेले, खिशातून एक साधा पांढरा, चुरगळलेला कागद काढला, घसा खाकरला आणि त्यांच्या त्या नेहमीच्या टापांच्या चालीत सुरू केलं:

गोष्टीच्या पहिलेच हासत सुटे, सांगायची राहते
ठेवी चावि कुठेतरी, मग घरी कल्ला असे रोजचा

क्षणभर मंडपात कुणाला काही समजेना. मंगलाष्टकात चावी? मग ताईची एक मैत्रीण फिस्सकन हसली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता मुलीकडची सगळी बाजू हसू लागली, कारण स्कूटीच्या चावीसाठी त्या घरात रोज सकाळी काय धुमाकूळ चालतो ते अर्ध्या अधारतालला ठाऊक होतं. अंतरपाट हलू लागला. पलीकडे उभी असलेली वधू इतकी हसत होती की मुंडावळ्या गालांवर आपटत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. नवरदेव अंतरपाटाच्या बाजूने वाकून वाकून बघायचा प्रयत्न करू लागला, तर गुरुजींनी त्याला दटावलं. पुढे कारलं आलं, सायकल आली, धाकटी बहीण घाबरते म्हणून रात्री दिवा लावून ठेवणारी ताई आली. माझी विद्यार्थिनी तोंडावर हात ठेवून उभी होती. शेवटी आजोबांनी 'सावधान' म्हटलं. आमच्या अक्षता कुणाच्या डोक्यावर पडल्या ते आम्हालाही दिसलं नाही, डोळे भरले होते.

जेवणाच्या वेळी आजोबा एका प्लास्टिकच्या खुर्चीत ताट घेऊन बसले होते. मी अभिनंदन करायला गेले, तर तिथे आधीच तिन्ही आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या. तिघीही आता घरी सुना-जावई यायच्या वयाला आलेल्या.

"बाबा, हे काय? आमच्या वेळी काहून नाही लिहिलं असं?"

"आम्ही काय आकाशातून पडलो होतो?"

"आमचा पण हक्क आहे. आमचं पण पाहिजे."

मला वाटलं, आता हे चिडणार. ते चिडले नाहीत. त्यांनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला. "मला वाटे, मंगलाष्टकात असं लिहीत नसतात," ते म्हणाले. "मोठमोठे शब्दच लागतात. आपल्या घरातलं काय कवितेत घालायचं? पण मला माहीत नव्हतं, असं समजून राहिल्या काय तुम्ही?"

ते मोठ्या आत्याकडे वळले. "तुझं लग्न मे महिन्यात होतं. आदल्या दिवशी सगळ्या बाया मेंदी काढून राहिल्या होत्या. तुझी काढून झाली आणि तू गायब. मी शोधत गेलो तर तू माझ्या खोलीत, माझा टेबलफॅन खोलून बसली होती. खडखड करे ना तो. मेंदीच्या हाताने तेल घालून राहिली होती. मला म्हणे, बाबा, उद्यापासून हा आवाज केला तर कोण बंद करणार? तुम्हाला झोप नाही यायची. मी दारातूनच मागे फिरलो. गच्चीवर जाऊन मंगलाष्टक पुरं केलं. आणि काय लिहिलं? गुणमंजरी."

मोठ्या आत्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तिथेच, सगळ्या जेवणावळीसमोर, लहान मुलीसारख्या रडल्या. मधल्या आणि धाकट्या आत्याही त्यांना धरून उभ्या राहिल्या. माझा नवरा माझ्या शेजारी उभा होता, त्याने ताट बाजूला ठेवलं आणि माझा हात धरला. मग मोठ्या आत्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "टेबलफॅन वृत्तात बसते काय, बाबा?"

"बसवतो ना," आजोबा म्हणाले. "खुर्ची घे इकडे."

त्यांनी ताट सरकवलं आणि बोटांवर अक्षरं मोजायला सुरुवात केली. मधल्या आत्या म्हणाल्या, यानंतर माझा नंबर, आणि धाकट्या म्हणाल्या, नेहमी मीच शेवटी काहून? माझी विद्यार्थिनी कुठून तरी एक खुर्ची ओढत आली, आजोबांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि म्हणाली, "आजोबा, फॅन पहिल्याच ओळीत पाहिजे. मेंदीच्या पण आधी."